आभाळातून उतरलेलं जातं

युद्धावरचं किंवा विमानांवरचं चांगलं पुस्तक कुठलं, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. म्हाताऱ्या मास्तरीणबाईला यातलं काय कळणार, असं ज्यांना वाटतं ते विचारत नाहीत; ज्यांनी माझं मुरबाडचं कपाट पाहिलं आहे ते विचारतात. मी त्यांना सांगते, पुस्तक हातात घेतलंत की आधी शेवटची पानं उघडा. शिपायाला दिवसाला किती पीठ मिळत होतं हे परिशिष्टात दिलेलं असेल, तर पुस्तक खुशाल घरी न्या. नुसतं सेनापतीच्या मिशांचं वर्णन असेल, तर होतं तिथे ठेवा. लोक हसतात. हसू देत. मी स्वतः अशी पुस्तकं कितीतरी वर्षं पुढूनच वाचली आणि त्यापायी एका बाईच्या आयुष्यात नको ती ढवळाढवळ करून बसले.

दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा मी मुरबाडला मुलींच्या शाळेत शिकवत होते. गावाला रेल्वे नाही. कल्याणहून सर्व्हिस मोटार यायची; पुढे पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा तीच मोटार पाठीवर कोळशाची टाकी घेऊन धापा टाकत यायची. वाचनालय म्हणजे बाजारपेठेतली एक खोली, दोन बाकं आणि एक कपाट. कपाटाची किल्ली माझ्याकडे असे. कमिटीतल्या पुरुषांचं आपसात पटत नव्हतं, आणि किल्ली बाईकडे गेली की कोणाचीच सरशी होत नाही, असा त्यांनी विचार केला होता. मला काय, आयतंच फावलं.

बाकीच्या बायका गोष्टींची पुस्तकं न्यायच्या. मला वेड लागलं ते लढायांचं आणि विमानांचं. एवढं लोखंड-लाकूड हवेत राहतं कसं, हे मला कळेना, आणि एखादी गोष्ट कळली नाही की मला घास गोड लागत नाही. विमानविद्येवरचं एक बारीकसं सचित्र पुस्तक कपाटात होतं. ते मी तीनदा वाचलं. मग वर्गात कागदाची पट्टी ओठांशी धरून वरून फुंकर मारली, तर पट्टी खाली जायच्याऐवजी वर उचलली गेली. मुली टाळ्या पिटायला लागल्या आणि मला स्वतःलाच इतका आनंद झाला की तो तास मी गणिताचा होता हे विसरले.

हळूहळू मी गावातली युद्धाची जाणकार ठरले. पोस्टमास्तरांना मी मागच्या महायुद्धाचा जाडजूड इतिहास दिला, कारण त्यांना नकाशे आवडत. डॉक्टरांना पाणबुड्यांवरचं पुस्तक दिलं, ते त्यांनी अर्ध्यात परत आणलं, वाचताना गुदमरल्यासारखं होतं म्हणाले. पुढे कल्याणच्या बाजूला विमानांसाठी मैदान झालं आणि आमच्या डोक्यावरून विमानं जाऊ लागली. शेतातली माणसं कमरेवर हात ठेवून वर बघत, आणि बाजाराच्या दिवशी वाचनालयाच्या पायरीशी येऊन मला विचारत, बाई, काल गेलं त्याला दोन पंखे होते, ते काय असतं? मी सांगायची. ठाऊक नसलं तरी थोडंफार सांगायचीच. विचारणाऱ्याला नाही म्हणणं माझ्या जिवावर यायचं.

अशाच एका बाजाराच्या दिवशी तो आला. पन्नाशीच्या आसपासचा, डोक्याला फडकं, हातात मिठाची पुडी. काळू नदीपलीकडे, शहापूरच्या वाटेवर त्याचं गाव. गेल्या लढाईत तो खेचरांच्या पलटणीत होता आणि इराकातल्या बसऱ्याला जाऊन आला होता, एवढं मी ऐकून होते. लोक त्याला चिडवतात हेही ऐकलं होतं, पण कशावरून ते ठाऊक नव्हतं.

बाकावर ते विमानांचं पुस्तक उघडं पडलं होतं. चित्रातलं विमान जुनं, दोन मजली पंखांचं. तो दारातूनच वाकून बघायला लागला आणि म्हणाला, असलंच होतं. मी कुतूहलानं विचारलं, काय होतं? मग त्यानं सांगितलं. बसऱ्याच्या वरच्या अंगाला नदीच्या वळणात एक गाव होतं. तिथे पलटण अडकली, चहूकडून तुर्कांनी वेढलं. खायला काही उरलं नाही. घोडे कापायला लागले. तेव्हा ही विमानं यायची आणि वरून पिठाची पोती टाकायची. कितीतरी पोती नदीत पडायची, काही तुर्कांच्या अंगणात. आणि एक दिवस वरून जातं आलं.

बाकावरची माणसं फिसकन हसली. त्यांना हे पाठ होतं. याच्यावरूनच तर चिडवत होते. मी मात्र हसून थांबले नाही. मी त्याची परीक्षाच घेतली. दगड एवढ्या उंचीवरून पडला तर त्याचे तुकडे नाहीत का व्हायचे? तो म्हणाला, वर मोठं पांढरं कापड होतं, छत्रीसारखं फुगलेलं. हे ऐकलं आणि मला स्फुरण चढलं. कपाटातून दुसरं पुस्तक काढलं, पान काढलं आणि सगळ्यांसमोर ओळीवर बोट ठेवलं. त्या लढाईत आपल्या बाजूच्या वैमानिकांना हवाई छत्र्या दिलेल्या नव्हत्या. विमान पेटलं तर बिचारे तसेच उड्या टाकत. स्वच्छ छापलं होतं.

"माणसाला छत्री नाही, आणि दगडाला छत्री?" मी म्हणाले. "सरकार काय इतकं खुळं आहे?"

बाकांवर हशा पिकला. तो चिडला नाही. सरकारचं मला काय ठाऊक, मी बघितलं ते सांगतो, असं म्हणून मिठाची पुडी सावरत निघून गेला. त्या संध्याकाळी मी अगदी खुशीत घरी गेले होते. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पंधरा दिवसांत एक बाई आली. उंच, काटक, कपाळावर ठसठशीत कुंकू. टोपलीत काकड्या आणि दोडकी. आत ये म्हटलं तरी येईना, उंबऱ्याशीच बसली. तुमच्याकडे बसऱ्याच्या लढाईची बुकं आहेत हे खरं का, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मावशी, आहेत. मग तिनं मला जे सांगितलं ते ऐकताना माझ्या अंगात केवढा उत्साह संचारला होता, हे आता सांगायलाही लाज वाटते.

तिचा नवरा त्याच माणसाबरोबर गेला होता. दोघं एका गावचे, बरोबरीचे, एकाच दिवशी भरती झालेले. तो परत आला, हिचा आला नाही. सरकारी कागदात ठावठिकाणा लागत नाही एवढंच लिहून आलं. परत आलेल्यानं अंगणात उभं राहून तिला सांगितलं की तुझं माणूस गेलं. कसं गेलं? तर आभाळातून जातं उतरलं, ते तटाबाहेर वाळूत पडलं. तुझा नवरा म्हणाला, आता भाकर मिळेल. दोर घेऊन ते ओढून आणायला गेला आणि नदीपलीकडून गोळी आली. तिनं पुढचं ऐकूनच घेतलं नाही, त्याला अंगणातून हाकलून दिलं. तेव्हापासून ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. वीस-पंचवीस वर्षं झाली होती.

"आभाळातनं जातं येतं म्हनतो," ती मला म्हणाली. "जातं खोटं तं मरन बी खोटं. व्हय का नाय, बाई?"

तिनं कुंकू ठेवलं होतं, लोकांची बोलणी खाल्ली होती. दोन दीर होते, शेत कसत होते, तिला कोणी टाकलं नव्हतं. पण हळदी-कुंकवाला तिला बोलवायचं की नाही, यावर दर वर्षी बायकांत कुजबुज व्हायची. आता तिला बुकातून निकाल हवा होता.

दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, मावशी, थांब, मला नीट बघू दे. मी कसली थांबते! मी उठले, पुस्तक काढलं, ती ओळ तिला वाचून दाखवली. दोनदा. तिनं स्वतःचं बोट ओळीवर ठेवून घेतलं आणि छापलेल्या अक्षरांवरून सावकाश फिरवलं. मग टोपली माझ्या पुढ्यात पालथी केली आणि तडक बाजारात कासाराकडे गेली. मला खिडकीतून दिसत होती. मनगटभर हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, आणि परत जाताना वाचनालयासमोर थांबून हात वर करून मला दाखवल्या. एका बाईचं सौभाग्य मी पुस्तकाच्या जोरावर राखलं, असं मला वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

भाद्रपद निम्मा सरत आला तेव्हा तो पुन्हा आला. या वेळी बाकांवर कोणी नव्हतं. भांडायला आला असेल म्हणून मी आधीच पदर खोचून उभी राहिले, पण भांडायचं त्याच्या मनात नव्हतं. तो खाली जमिनीवर बसला आणि फडकं सोडून मांडीवर ठेवलं.

"मला खोटा म्हनतात त्याचं काय नाय, बाई," तो म्हणाला. "पन तो तितं पडला, मी या हातांनी वाळू लोटली त्याच्यावर. त्याला कोन पानी देत नाय. ती जित्ता समजते. मी द्यायला गेलो तं म्हनतात, तुजा तो कोन लागतो?"

पितृपक्ष दोन दिवसांवर आला होता. घरोघरी कौलांवर पानं ठेवली जायची, गेलेल्यांना हाका मारल्या जायच्या, आणि त्याच्या दोस्ताला कोणी बोलवायचं नाही. दर वर्षी तो स्वतःच्या वडिलांच्या पानाशेजारी गुपचूप एक लहान पान ठेवायचा. कावळा शिवायचाही. पण माझ्या हातचं त्याला पोचतं की नाही ते कळत नाही, तुमच्या बुकात असलं तर बघा, असं तो अगदी सरळपणे म्हणाला.

मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणूनच रागही आला. मी चुकले असेन हे मानायला मन तयार नव्हतं. त्याला पेचात पकडावं म्हणून मी विचारलं, बरं, कसं होतं ते जातं? सांगा बघू. तो क्षणभर आठवत राहिला. वरचा दगड वेगळा आला, खालचा वेगळा, म्हणाला. टाकीचे घाव आपल्याकडच्यापेक्षा खोल. खुंट्याला भोक होतं, पण खुंटा नव्हता. दोस्ताला वाळूत पुरून, जातं ओढून घेऊन हे सगळे परत आले आणि मग यांनीच तंबूची मेख तासून खुंटा बसवला. त्याच जात्यावर त्याच दिवशी जव दळले. हे सांगताना त्यानं मान खाली घातली. भूक होती, म्हणाला.

मी रोज पहाटे जात्यावर बसणारी बाई. खोटं बोलणाऱ्यानं जात्याला खुंटा दिला असता. खुंटा नसलेलं जातं कोण मनातून काढेल?

त्या क्षणापासून मला चैन पडेना. कपाटातलं युद्धावरचं एकूण एक पुस्तक मी पुन्हा उपसलं. सेनापतींच्या वंशावळी होत्या, तोफांची संख्या होती, कोणत्या राजानं कोणाला काय पत्र लिहिलं ते होतं. त्या सगळ्या लढायांत कोणी जेवतच नव्हतं. हीच पुस्तकं मी वर्षानुवर्षं लोकांना छातीठोकपणे वाचा म्हणून देत होते. शाळेच्या कामानं शहापूरला जावं लागलं तेव्हा तिथल्या वाचनालयातही शोधलं. तिथेही नव्हतं, पण तिथल्या वाचनालयाच्या माणसानं सांगितलं की कसाऱ्याला रेल्वेतले एक निवृत्त गार्ड राहतात, त्यांच्याकडे इंग्रजी लढायांच्या पुस्तकांची मोठी फळी आहे. माणूस तिरसट आहे, पण पुस्तकाचं नाव काढलं की विरघळतो.

आसनगावला गाडी धरून मी दुसऱ्याच दिवशी कसाऱ्याला गेले. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावतात त्या आवाजात घर सतत हादरत होतं, आणि गार्डसाहेब त्या गडगडाटात निवांत वाचत बसले होते. मी सगळी हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. उलट मलाच दटावलं, की तुम्ही पुस्तकं पुढून वाचता हीच चूक. पुढची पानं सेनापती स्वतःच्या बचावासाठी लिहितो. शेवटी रसदवाला कारकून आपल्या याद्या जोडतो, आणि कारकुनाला खोटं बोलायला सवड नसते. असं म्हणून त्यांनी त्याच वेढ्यावरचं एक जाड पुस्तक काढलं आणि पाठीमागून उघडलं.

माझं इंग्रजी शाळेपुरतं. बोट ठेवून एकेक शब्द लावत गेले. वरून काय काय टाकलं त्याची यादी होती. पीठ. मीठ. साखर. मासे धरायची जाळी. आणि त्याखाली, जातं. दगडांचं वजन पौंडात दिलेलं. हवाई छत्रीला बांधून उतरवलं, असंही लिहिलेलं.

मी मोठ्यानं हसले. खरं सांगते, आधी आनंदच झाला. केवढी नवलाची गोष्ट, आणि ती खरी निघाली! माझं जुनं पुस्तकही खोटं नव्हतं. माणसांना छत्र्या नव्हत्या, दगडाला होती. त्या दोन गोष्टींची मोट मीच बांधली होती आणि तिला पुरावा म्हणाले होते. गार्डसाहेबांनी घरात चहा सांगितला, आम्ही दोघांनी ती यादी पुन्हा पुन्हा वाचली, जाळी कशाला टाकली असतील यावर अर्धा तास बोललो. त्यांनी पुस्तक मला न्यायला दिलं, डाग पाडू नका एवढंच बजावून.

परतीच्या गाडीत बसले आणि मग त्या बांगड्या आठवल्या.

गप्प बसावं असं मनात आलं, ते लपवत नाही. कोणाला कळणार होतं? गार्डसाहेब कसाऱ्याला, पुस्तक इंग्रजी. ती सुखात होती. पण त्याचं ते कौलावरचं लहान पान डोळ्यांपुढून हलेना, आणि सर्वपित्री अमावास्येला चारच दिवस उरले होते. शिवाय मला भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी मुद्दाम पुढे होते, हा माझा जुना स्वभाव.

आधी त्याला गाठलं; बाजारासाठी तो मुरबाडला आलाच होता. मला वाटलं होतं तसा त्याला आनंद झाला नाही. त्यानं मला पुन्हा एकदा वाचायला लावलं, तोंड फिरवून ऐकलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ द्या, बाई. बांगड्या भरल्यात तिनं."

"त्या माझ्या शब्दावर भरल्यात," मी म्हणाले. "तो शब्द मला परत घ्यायचा आहे. तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाईन."

मी फार चढ्या आवाजात बोलले. तो उठला. काळूला अजून कमरेएवढं पाणी होतं. पुस्तक त्यानं घोंगडीत गुंडाळून डोक्यावर घेतलं, एका हातानं ते धरलं आणि दुसऱ्या हातानं मला धरून पलीकडे उतरवलं.

ती अंगणात उडीद वाळत घालत होती. मला बघून हसली, मग माझ्यामागे कोण आहे ते दिसलं, मग घोंगडीतलं पुस्तक दिसलं. हसू गेलं. तो कुंपणाबाहेरच थांबला, वीस वर्षांपूर्वी जिथून हाकलला होता त्याच्याही अलीकडे. मी येताना बोलायचं सगळं मनाशी घोकलं होतं. मावशी, माझी चूक झाली, इथून सुरुवात केली. तिनं मला थांबवलं.

"आदी वाचा."

मी इंग्रजी वाचलं आणि एकेक शब्दाचं मराठी सांगितलं. ती ऐकता ऐकता हात पदराखाली घेत गेली. जात्याशी आले तेव्हा तिनं एक हात बाहेर काढून त्या ओळीवर बोट ठेवलं, तसंच सावकाश फिरवलं. हे काय लिहिलंय, असं पुढच्या आकड्यावर थांबून विचारलं. मी म्हटलं, दगडाचं वजन.

"अन् आमच्या मानसाचं नाव?"

"नाही, मावशी. कोणाचंच नाही."

"दगडाचं वजन लिवायला सुचलं त्यांना," ती म्हणाली.

मी इतकी वर्षं असली पुस्तकं वाचली होती, तावातावानं लोकांना दिली होती, आणि हे कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तिनं उडीद एकदा हातानं पसरले. मग कुंपणाकडे न बघताच म्हणाली, "भावजी, आत या."

तो आत आला. तिनं तांब्याभर पाणी आणून ठेवलं. कुठे लागलं, एवढंच तिनं विचारलं. त्यानं मानेला हात लावला. फार वेळ गेला नाही, म्हणाला. आणि मग, तेव्हा अंगणात जे सांगायचं राहून गेलं होतं ते सांगितलं. जातं खाली येताना बघून सगळे तोंड उघडं टाकून उभे होते, पण तिचा नवरा हसायला लागला होता. म्हणाला, हे मला दळता येतं. घरी बायकोला ताप होता तेव्हा मी दार लावून दळायचो, कोणाला कळू नये म्हणून. दोर खांद्यावर टाकला आणि हसत हसतच गेला.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. दार लावून दळायचा हे त्या नवरा-बायकोशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. तेवढं ऐकून घेतलं असतं तर पुस्तकाची गरजच नव्हती, असं माझ्या मनात आलं आणि मीही रडायला लागले.

तिनं डोळे पुसले आणि पुस्तक पुन्हा पुढे ओढलं. यादीच्या खाली पान कोरं होतं. त्या कोऱ्या जागेवर तिनं तळवा ठेवला.

"हितं काय नाय ना लिवलेलं?"

"नाही."

"मंग लिवा."

पुस्तक परक्याचं. डाग पाडू नका म्हणून बजावलेलं. मी पिशवीतून फाउंटन पेन काढलं, टोपण काढलं आणि नाव काय लिहू म्हणून त्याच्याकडे बघितलं. त्यानं सांगायला तोंड उघडलं. तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

आतापर्यंत ती आमचं माणूस, ते, घरचे, असंच म्हणत आली होती. नवरा जिवंत असलेली बाई त्याचं नाव असं बोलण्यात घेत नाही, आणि तिनं इतकी वर्षं ते घेतलं नव्हतं. ती उठून उभी राहिली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि नाव सांगितलं. आधी त्याचं, मग त्याच्या बापाचं, मग गावाचं. सावकाश, मला लिहून घेता यावं असं. मी लिहिलं. शाई वाळेपर्यंत तिघंही त्या पानाकडे बघत होतो.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"आता पयल्यापासनं वाचा."

मी वाचलं. पीठ, मीठ, साखर, मासे धरायची जाळी, जातं, आणि त्याखाली त्याचं नाव.